जिवंत कलावंताचा शब्द प्रमाण मानावा काय?

अजिंठ्याच्या भिंतींचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला तेथे काम केलेला चित्रकार भेटण्याची शक्यता नसते, त्यामुळे चित्र, परंपरा आणि इतिहास यांच्याच आधारे त्याला अर्थ लावावा लागतो. समकालीन कलावंताचा अभ्यास करणाऱ्याची स्थिती निराळी असते. कारण हा कलावंत हयात असतो, मुलाखती देतो, प्रदर्शनाच्या कॅटलॉगमध्ये आपली भूमिका मांडतो आणि कधी कलाशाळेत येऊन विद्यार्थ्यांच्या शंकांना उत्तरेही देतो. वर्गातील चर्चा मग अनेकदा ‘कलावंतानेच असे सांगितले आहे’ या वाक्यापाशी येऊन थांबते. या वाक्याने चर्चा खरोखर संपते काय, हा प्रश्न वरवर पाहता अध्यापनाचा वाटला, तरी मुळात तो प्रमाणविचाराचा, म्हणजे यथार्थ ज्ञान कोणत्या साधनांनी होते या विचाराचा आहे. आणि भारतीय दर्शनांनी तो धर्मग्रंथांच्या प्रामाण्याच्या निमित्ताने फार पूर्वीच हाती घेतलेला आहे.

न्यायदर्शन प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानते. त्यांपैकी शब्द म्हणजे आप्ताचे वचन, आणि आप्त म्हणजे ज्याला विषयाचे साक्षात ज्ञान आहे व ते जसे आहे तसे सांगण्याची ज्याची इच्छा आहे असा माणूस. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू करतो. म्हणजेच वचनाला प्रामाण्य येते ते बोलणाऱ्याच्या प्रतिष्ठेमुळे नव्हे, तर त्या विशिष्ट विषयाशी असलेल्या त्याच्या थेट परिचयामुळे. या कसोटीवर कलावंत निश्चितच आप्त ठरतो, परंतु मर्यादित क्षेत्रात. कोणते माध्यम का निवडले, कोणता आकार आधी आला, काय पुसून टाकले, कोठे मन अडखळले, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. प्रभाकर बरवे यांच्या ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) या पुस्तकाचे मोल या दृष्टीने मोठे आहे, कारण त्यात चित्रकाराच्या मनातील घडामोडी त्याच्याच मराठी शब्दांत उलगडतात. मात्र पूर्ण झालेली कृती पाहणाऱ्यांपुढे उभी राहिल्यावर तिच्यातून जे प्रकट होते, त्याबाबतीत कलावंत हा अनेक प्रेक्षकांपैकी एक असतो. फार तर अधिक जाणता प्रेक्षक.

या विचाराची दुसरी बाजू पूर्वमीमांसेत सापडते. नैयायिक वेदाचे प्रामाण्य त्याच्या आप्त कर्त्यावर आधारतात, तर मीमांसक वेद अपौरुषेय, म्हणजे कोणीही न रचलेला मानतात. कर्ताच नसल्यामुळे ‘कर्त्याला काय म्हणायचे होते’ हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. तात्पर्य ठरवण्यासाठी वचनाकडेच वळावे लागते. त्यासाठी सहा लिंगे, म्हणजे खुणा, सांगितल्या जातात: आरंभ व समारोप यांचा मेळ, पुनरुक्ती, नावीन्य, फल, स्तुती-निंदेची वचने आणि युक्तिसंगती. कलाकृतीला कर्ता असतो हे उघड आहे; तरीही कृतीची रचना स्वतःच्या अर्थाविषयी साक्ष देते, ही मीमांसकांची शिकवण कलेच्या अभ्यासकाने गांभीर्याने घ्यावी अशी आहे.

मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतून १९९६मध्ये शिक्षण पूर्ण केलेले जितीश कल्लाट यांची ‘पब्लिक नोटिस ३’ (२०१०) ही कृती याचे उत्तम उदाहरण आहे. शिकागोतील ज्या इमारतीत ११ सप्टेंबर १८९३ रोजी स्वामी विवेकानंदांनी सर्वधर्मपरिषदेत सहिष्णुतेचे आणि धर्मांधतेच्या अंताचे आवाहन केले, तिच्यात आज आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ शिकागो हे संग्रहालय आहे. कल्लाट यांनी ते भाषण तेथील भव्य जिन्याच्या ११८ पायऱ्यांच्या उभ्या भागांवर प्रकाशमान अक्षरांत मांडले, आणि अक्षरांसाठी अमेरिकेच्या सुरक्षा विभागाने दहशतवादाच्या धोक्याची पातळी दाखवण्यासाठी ठरवलेले पाच रंग वापरले. ११ सप्टेंबर २००१ची आठवण येथे तारखेतून आणि रंगांतून जागी होते. तारखांचा योग आणि रंगांचा उगम या गोष्टी माहितीवाचून कळत नाहीत. तेथे शब्दप्रमाण आवश्यकच आहे. परंतु अक्षरे पायऱ्यांच्या उभ्या बाजूंवर असल्यामुळे ती चढणाऱ्याला वाचता येतात आणि उतरणाऱ्याला पायाखाली दिसत नाहीत, हे एखाद्या विद्यार्थिनीच्या लक्षात आले आणि सहिष्णुता ही प्रत्येक पायरीवर नव्याने करावयाची चढण आहे असा अर्थ तिने मांडला, तर तो कलावंताने सांगितला आहे किंवा नाही यावर त्याची ग्राह्यता अवलंबून नसते. रचनेतील प्रत्यक्ष खूण आणि भाषणाचा आशय यांच्या मेळावर ते अनुमान उभे असते.

वासुदेव गायतोंडे यांच्यासारखा चित्रकार याच प्रश्नाचे दुसरे टोक दाखवतो. त्यांची बहुतेक चित्रे शीर्षकाविना आहेत, ते स्वतः मितभाषी होते आणि आपल्या चित्रांना अमूर्त म्हणण्यापेक्षा वस्तुनिरपेक्ष म्हणणे त्यांना मान्य होते. रोलर आणि पॅलेट नाइफ यांनी उमटवलेल्या रंगांच्या थरांपुढे विद्यार्थ्याला दुसऱ्याच्या शब्दाचा आधार फारसा मिळत नाही. अशा वेळी ‘मला जे वाटले तोच अर्थ’ असे म्हणण्याचा मोह होतो, आणि तो कलावंताच्या शब्दाला शरण जाण्याइतकाच घातक आहे. अभिनवगुप्ताने रसास्वादात येणाऱ्या विघ्नांमध्ये स्वतःच्याच सुखदुःखात गुंतून राहणे हे एक विघ्न मानले आहे. सहृदय तो, ज्याचे मन कलाकृतींच्या सततच्या परिशीलनाने आरशासारखे स्वच्छ झालेले असते. म्हणून प्रेक्षकाचे स्वातंत्र्य जन्मतः हाती येत नाही, ते दीर्घ पाहण्यातून कमवावे लागते.

व्यक्तिगत प्रतीतीची ही शुद्धी एकट्याने पुरी होत नाही. तिला चर्चा लागते. न्यायशास्त्र चर्चेचे तीन प्रकार करते: तत्त्वनिर्णयासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचा खोडून काढते ती वितंडा. वाद कोणाशी करावा हे सांगताना न्यायसूत्रे शिष्य, गुरू आणि सहाध्यायी यांचा उल्लेख करतात, म्हणजे जणू वर्गाचेच वर्णन करतात. कलाशाळेतील चर्चेत कलावंताचे नाव उच्चारून इतरांना गप्प करणे हा जल्प होय, आणि समकालीन कलेत काही अर्थच नसतो असे म्हणून हात झटकणे ही वितंडा.

वादाची शिस्त मात्र साधी आणि कठोर आहे. प्रथम कृती पाहावी, तिच्यातील खुणांवरून अनुमान करावे, नंतर कलावंताचे म्हणणे आदराने ऐकावे, आणि शेवटी दोन्ही गोष्टी सहाध्याय्यांसमोर तपासून गरज पडेल तेथे आपला पक्ष सोडावा. आपला पक्ष सोडता येणे ही बौद्धिक चतुराई नसून अहंकाराला वेसण घालणारी साधना आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न धर्मविचाराच्या कक्षेत येतो. उद्या स्वतः कलावंत होणाऱ्या विद्यार्थ्याला तर तिची विशेष गरज आहे. कारण आपल्या कृतीविषयीचा आपला शब्द हाही एक पुरावाच आहे, अंतिम निवाडा नव्हे, हे ज्याने इतरांच्या कृती अभ्यासताना मान्य केले, तोच आपली कृती निर्भयपणे इतरांच्या हाती सोपवू शकतो.