शब्द गेले, शंकाही गेली

शेक्सपिअरच्या ‘द टेमिंग ऑफ द श्रू’चा विषय निघाला की हल्ली एक सोपा तोडगा सुचवला जातो. नवऱ्यापुढे मान तुकवा, असा उपदेश करणारे नायिका कॅथरीनाचे शेवटचे भाषण आज घशाखाली उतरत नाही. तेव्हा हे नाटक बॅलेतच पाहावे. तिथे शब्द नाहीत, म्हणजे जाचही नाही. दाखला अर्थातच जॉन क्रँकोने १९६९ मध्ये स्टुटगार्टला केलेल्या रचनेचा. बॅलेला विनोद जमत नाही म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. नृत्यरचनाकार अ‍ॅश्टनच्या ‘द ड्रीम’ या बॅलेमध्ये पंजांच्या टोकांवर नाचणारा गाढवमुखी बॉटम त्यांनी पाहिलेला नसतो. नृत्य ही विश्वभाषा असल्याच्या गप्पाही सोडून देऊ. बॅलेत सासू दाखवता येत नाही, हे नृत्यरचनाकार बॅलनशीन केव्हाच सांगून गेला. शब्दांबरोबर जाच जातो हा समज मात्र सभ्य दिसतो, म्हणून जास्त फसवा आहे.

जिला गप्प करायचे, तीच या नाटकात सर्वांत लांब भाषण करते: ४४ ओळी, आणि बाकीचे सगळे ऐकत उभे. अभिनेत्री त्या ओळी मनापासून म्हणू शकते, डोळा मारून म्हणू शकते, किंवा पार थकून म्हणू शकते. भर म्हणून हा सगळा खेळ स्लाय नावाच्या एका दारुड्यापुढे चालला आहे, ही मूळ चौकट आहेच. वा. बा. केळकरांनी या नाटकावरून ‘त्राटिका’ लिहिले, तेव्हा मराठी नायिकेच्या हातीही बोलण्याचे शस्त्र राहिलेच होते. क्रँकोने चौकटही गाळली आणि भाषणही. त्यांच्या जागी युगुलनृत्य आले.

या नृत्यप्रकारात स्त्रीचा तोल पुरुषाच्या हातांवर असतो आणि दोघांचे जुळणे हेच त्याचे सुख. आधीच्या भांडणांत कॅथरीना मुठी वळते, पाय आपटते, जमिनीवर आदळते. बॅलेची शैली मोडते म्हणून आपण हसतो. शेवटी स्कार्लातीच्या चालींवर स्टोल्झेने बांधलेल्या संगीतात तीच शैली अखंड होते आणि हायडे व क्रॅगन या नर्तकांसाठी रचलेली ती जोडी निर्दोष दिसते. कोणी म्हणेल, उचलली जाणारी नर्तिका निष्क्रिय नसते. ती स्वतः उसळी घेते, अंग ताठ राखते, म्हणून ही शरणागती नसून भागीदारी आहे. कष्टांपुरते ते खरेच. पण ते कष्ट प्रेक्षकाला दिसू न देण्यातच या शैलीचे कसब आहे. मग शरीराला उपरोध जमत नाही का? जमतो, पण शैली मोडूनच. माझ्या मते सगळा फरक इथेच आहे: वृत्तात चोख बसलेली ओळ थट्टा करू शकते, चोख नाचलेले पाऊल करू शकत नाही. आणि शेवटी क्रँकोला चोख पाऊलच हवे असते. नृत्यरचनाकार मायोने २०१४ मध्ये बोल्शॉयसाठी, शोस्ताकोविचच्या संगीतावर, हीच कथा रचताना नायक-नायिकेला पहिल्यापासून एकमेकांच्या तोडीचे केले; म्हणजे नाते बदलावे लागले, नुसते शब्द काढून भागले नाही.

क्रँकोची भांडखोर युगुलनृत्ये पुन्हा पुन्हा पाहावीत अशी आहेत. शेवट मात्र मूळ नाटकापेक्षा जुन्या वळणाचा आहे.