हिरव्या कापडावरचं उड्डाण

धुळ्याहून आग्रा रोडने दक्षिणेला निघालं की तासाभरात मालेगाव लागतं. जिल्हा नाशिक असला तरी हा मुलूख जुन्या खानदेशातलाच. यंत्रमागांच्या या गावात नासिर शेख यांनी ‘मालेगाव के शोले’ हा चित्रपट काढला. खर्च साधारण ५० हजार रुपये. क्रेनचं काम बैलगाडीनं केलं, ट्रॉलीचं सायकलनं. मग त्यांच्या मनानं घेतलं, आपला सुपरमॅनही उडाला पाहिजे.

माणूस पडद्यावर उडवायचा तर आधी त्याला हिरव्या कापडापुढे आडवा करायचा. संगणक त्या चित्रातला हिरवा रंग तेवढा काढून टाकतो आणि त्या जागी आभाळ, गल्ल्या, गच्च्या, काय हवं ते बसवतो. ऐकायला सोपं आहे. पण कापडाला सुरकुती पडली की तिथल्या सावलीत हिरवा रंग काळपट होतो, संगणक गोंधळतो आणि नायकाभोवती घाणेरडी किनार दिसू लागते. उजेड सगळीकडे सारखा हवा. नटाच्या अंगावर हिरवा रंग असला तर तेवढं अंगच गायब! हॉलिवूडलाही हा ताप चुकला नव्हता. १९७८ च्या ‘सुपरमॅन’मध्ये मागचा पडदा निळा आणि नायकाचे कपडेही निळे, म्हणून उडण्याच्या दृश्यांसाठी पोशाख थोडा हिरवट रंगवावा लागला. मालेगावनं पडदाच हिरवा घेतला. सुपरमॅन झाले शफीक शेख, यंत्रमागावर काम करणारे, अंगानं काडीसारखे.

याला आपण ‘जुगाड’ म्हणतो आणि मोकळे होतो. मला तो शब्द इथे कमी पडतो असं वाटतं. पैसे कमी होते हे खरं, पण प्रकाशाचा नियम गरिबाला सूट देत नाही. तो पाळावाच लागतो. अमेरिकेत १९६६ साली सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेलाही दर भागात यान ग्रहावर उतरवणं परवडत नव्हतं. म्हणून माणसं एका जागी विरघळून दुसरीकडे प्रकटतात ही कल्पना निघाली, आणि विरघळतानाची ती चमचम होती उजेडात सोडलेल्या ॲल्युमिनियमच्या भुकटीची. तिथे कुणी जुगाड म्हटलं नाही, कल्पकता म्हटलं.

मालेगावचा हा सगळा खटाटोप फैझा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात टिपला आहे. हसून पुरेवाट होते. शफीक मात्र २०११ मध्ये कर्करोगानं गेले.

मोबाइलवर असलं काही करायला घरातल्या पोरांनी हिरवी चादर मागितली तर नाही म्हणू नका. फक्त आधी तिला कडक इस्त्री करायला लावा.