फेरपालट

जानेवारीतल्या संध्याकाळी अबुधाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या शाबिया वस्तीत टेनिस बॉलचा डाव रंगलेला असतो. पार्किंगमधल्या एखाद्या गाडीच्या डिकीत किटबॅग आणि तिच्यावर फिजिक्सचं गाईड. जवळच 2004 साली सुरू झालेलं झायद क्रिकेट स्टेडियम आहे. त्याचे दिवे बघत वाढलेल्या मुलाच्या डोक्यात काय घोळत असेल, ते सांगायला नको.

अबुधाबीत हवा खेळण्याजोगी असते ती साधारण ऑक्टोबर ते मार्च. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी गाठतो. इथल्या भारतीय शाळांतल्या सीबीएसई बोर्डाच्या परीक्षा येतात फेब्रुवारी-मार्चमध्ये. ठाण्या-पुण्यातल्या मुलाला परीक्षेनंतर निदान एप्रिल-मे मैदानावर काढता येतो. इथे परीक्षा संपते आणि ऊन सुरू होतं.

अशा मुलाला घरचे सांगतात, ‘दोन्ही सांभाळ.’ त्यात माया असते, पण हिशेब नसतो. मुलात उपजत गुण असले तर ओझं आणखी वाढतं, कारण ‘त्याला काय, सहज जमेल’ असं सगळेच धरून चालतात. खरं तर उपजत गुणाने तास वाचत नाहीत. चेंडू मुळातच स्विंग होत असला तरी तो रोज टाकावा लागतो, आणि इंजिनिअरिंगचं सबमिशन विकेट्सकडे बघून माफ होत नाही.

सौरभ नेत्रावळकरचं नाव अशा वेळी हमखास निघतं. मुंबईचा डावखुरा मध्यमगती गोलंदाज, अंधेरीच्या सरदार पटेल इन्स्टिट्यूटचा कॉम्प्युटर इंजिनिअर. कॉलेजात असतानाच 2010 साली न्यूझीलंडमध्ये 19 वर्षांखालील विश्वचषक खेळला, के. एल. राहुल आणि जयदेव उनाडकट त्याच संघात होते. 2013 मध्ये मुंबईकडून रणजी पदार्पण झालं. 2024 च्या टी-20 विश्वचषकात, 6 जूनला डॅलसमध्ये, सुपर ओव्हरमध्ये 18 धावांचा बचाव करून त्याने अमेरिकेला पाकिस्तानविरुद्ध जिंकून दिलं. सहा दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये विराट कोहली पहिल्याच चेंडूवर त्याला बाद झाला. तेव्हा तो ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करत होता.

पालक ही गोष्ट सांगतात ती इथवरच: बघा, त्याने दोन्ही केलं! मधली वर्षं मात्र गाळली जातात. पदवीनंतर सौरभने दोन वर्षं फक्त क्रिकेटला दिली. पुढचा रस्ता दिसेना, तेव्हा 2015 मध्ये तो पदव्युत्तर शिक्षणासाठी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात गेला. क्रिकेट संपलं असंच धरून गेला. नोकरीला लागल्यावर शुक्रवारी काम आटोपून सॅन फ्रान्सिस्कोहून गाडीने लॉस एंजेलिस गाठायचं, कारण चांगली खेळपट्टी तिथे, आणि सामना खेळून परत यायचं. याच गोलंदाजाच्या नेतृत्वाखाली अमेरिकेने मार्च 2019 मध्ये आपला पहिला आंतरराष्ट्रीय टी-20 सामना खेळला. तो दुबईत, अमिरातीच्या संघाविरुद्ध.

याला समतोल म्हणणं चुकीचं आहे. तराजूची दोन्ही पारडी रोज सारखी ठेवायचा खटाटोप इथे नव्हता. शेतकरी जसा एका पिकानंतर दुसरं घेतो, मधे रान पडीकही ठेवतो, तशी ही फेरपालट होती. काही वर्षं एकाची, काही वर्षं दुसऱ्याची.

अशा फेरपालटीला वेळ लागतो, आणि आखातातल्या मुलाकडे नेमका तोच कमी. गुणांची इथे वानवा नाही. गोव्यात जन्मलेला अयान अफजल खान 2022 मध्ये सोळाव्या वर्षी अमिरातीकडून टी-20 विश्वचषक खेळला. पुरुषांच्या या स्पर्धेत इतक्या लहान वयाचा खेळाडू आधी कुणी नव्हता. पुढच्याच वर्षी दुबईत न्यूझीलंडला हरवताना तो सामनावीर ठरला. पण बारावीनंतर बरीच मुलं शिक्षणासाठी भारतात किंवा आणखी कुठे जातात, आणि खेळाची घडी मोडते. अमिरातीच्या 2022 च्या नव्या व्हिसा नियमांनी अविवाहित मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत आईवडिलांच्या व्हिसावर राहता येतं. पूर्वी ही मुभा साधारणपणे अठरापर्यंत होती. ही सात वर्षं मोलाची आहेत.

वर्षांइतकाच प्रश्न तासांचाही आहे. अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना, एनसीएए, हंगामात आठवड्याला 20 तासांहून जास्त सक्तीचा सराव घेऊ देत नाही. हा नियम सर्रास वाकवला जातो हे खरं, तरी खेळाडू आधी विद्यार्थी आहे हे तिथे कागदावर तरी आहे. शाबियातल्या मुलाचे तास मोजायला कुणीच नाही. सहामाहीची एखादी चाचणी सामन्यामुळे बुडाली तर ती पुन्हा देता यावी, प्रॅक्टिकलची तारीख आठवडाभर पुढे सरकावी, बारावीनंतर एक वर्ष घरी बसून खेळलं तर त्याला ‘गॅप’ म्हणून हिणवू नये. यातलं पहिलं नि दुसरं शाळेच्या हातात आहे. तिसरं त्या डिकीच्या चाव्या ज्यांच्या खिशात आहेत त्यांच्या.