रानाची ओळ, मनाची ओळ

शेतकऱ्यानं वही लिहायची कशाला, असं मला पुष्कळ जण विचारतात. उधारीची वही असते, डेअरीच्या दुधाची असते. पण रोज रात्री कंदिलाशी, आता बल्बाखाली, दोन ओळी खरडायच्या, त्यातनं पिकतं काय? प्रश्न रास्त आहे. आमच्या वाडवडिलांनी कागदाला हात न लावता शेती केली. बहिणाबाई चौधरींना तर लिहिता-वाचता येत नव्हतं. कामाच्या नादात त्यांना जे सुचलं ते घरच्यांनी टिपून ठेवलं, आणि त्या गेल्यावर १९५२ साली त्याचं पुस्तक झालं. म्हणजे निसर्ग कळायला अक्षर लागतंच असं नाही.

तरी मी लिहितो. कारण रान डोळ्यांना दिसतं, आपलं मन मात्र कागदावर उतरल्याशिवाय दिसत नाही.

वहीत रोज दोन ओळी. पहिली रानाची, दुसरी माझी. रानाच्या ओळीत नक्षत्र, वारं, पाऊस. पाऊस मी मोजून लिहितो. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरभर जमिनीवर एक लिटर पाणी. दहा मिलिमीटर पडला, तर एकरावर चाळीस हजार लिटर झाले. हा आकडा लिहिला, की ‘काय नुसता शिंतोडा’ म्हणायला जीभ रेटत नाही.

दुसरी ओळ अवघड. एका साली शेजाऱ्यानं नांगरताना आमचा बांध कोरला. त्या रात्री एका ओळीचं पानभर झालं. सकाळी वाचलं, तर नुकसान एवढंच होतं: नांगराच्या एका तासाएवढी जमीन गेली. बाकीचं पान नुसत्या रागाचं. त्याच्याच वर रानाची ओळ होती, ‘बांधावरच्या बाभळीला सुगरणीचा नर खोपा विणतोय.’ त्या बाभळीच्या सावलीला दोन्ही घरच्या भाकरी सुटतात.

मी दोरी घेऊन गेलो. म्हटलं, “आबा, हे टोक धरा वाईच. बांध सरळ करून घिऊ.” ते कुरकुरले, पण टोक धरलं. जमीन सोडली नाही, आणि बोलणंही तुटलं नाही.

काही जण म्हणतात, लिहून माणूस मवाळ होतो. मला तसं वाटत नाही. खुरपायला बसलं की आधी रोप कुठलं आणि तण कुठलं हे ओळखावं लागतं. मग हात चालवायचा. राग आणि नुकसान असंच एका सरीत उगवतं. वही ते वेगळं करून दाखवते. पुढचं खुरपं आपणच चालवायचं.

तुमच्याकडं शेत नसलं, तरी खिडकीतनं एखादं झाड दिसतच असेल. त्याची एक ओळ लिहा, दिसलं तेवढीच. खाली एक स्वतःची. वरची ओळ खरी लिहायची सवय लागली, की खालची खोटी लिहायला हात धजत नाही.