तिकिटावरचं शहर

स्वस्त विमानाचं तिकीट काढताना माणूस भाव बघतो, वेळ बघतो, सामानाचे किलो मोजतो. विमानतळाच्या नावाचा उत्तरार्ध मात्र नजरेतून निसटतो. ‘पॅरिस बोवे’मधलं पॅरिस वाचलं जातं आणि बोवे राहून जातं. हे बोवे पॅरिसच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर आहे. ते पॅरिसचं उपनगर नाही. त्याचं स्वतःचं कॅथेड्रल आहे, नगरपालिका आहे, रेल्वे स्टेशन आहे. पुण्याचं तिकीट काढलेल्या माणसाला खंडाळ्याला उतरवून ‘आलं पुणं’ म्हणावं, तसा हा प्रकार. स्टॉकहोमच्या नावाने विकलं जाणारं स्काव्स्टा त्या शहरापासून १०० किलोमीटरवर आहे, तर ओस्लोच्या नावाने चालणारं टोर्प ११० किलोमीटरवर. सगळ्यांवर कडी केली ती फ्रँकफुर्ट-हाननं. हुन्सरुकच्या डोंगराळ भागात अमेरिकन हवाई दलाचा जुना तळ होता. तिथे १९९९ पासून रायनएअर ही स्वस्त विमान कंपनी उतरू लागली. तिथून फ्रँकफुर्ट १२० किलोमीटर, म्हणजे बसने पावणेदोन तासांच्या आसपास. उड्डाण तेवढ्यात उरकतं.

यात फसवणूक किती आणि व्यवहार किती, यावर वाद घालता येईल. मला तो व्यवहार वाटतो, पण अर्धाच लिहिलेला. विमान कंपनी स्वस्त कशी होते, याची गोम जमिनीवर आहे. विमान उतरलं की २५ मिनिटांत पुन्हा उडालं पाहिजे, म्हणजे एकच विमान दिवसभरात जास्त फेऱ्या मारतं. मोठ्या विमानतळावर रांगेत ताटकळून हे जमत नाही. म्हणून लष्कराने सोडलेली, ओस पडलेली धावपट्टी शोधायची. त्या गावाला प्रवासी हवेच असतात, मग ते शुल्क कमी करतं, वर काही देऊही करतं. बेल्जियममधल्या शार्लरुआला उतरण्याच्या शुल्कात जवळपास निम्मी सूट मिळाली होती. युरोपियन कमिशनने २००४ मध्ये अशा काही सवलतींवर बोट ठेवलं आणि २००८ मध्ये न्यायालयाने कमिशनचा तो निर्णय रद्द केला. शार्लरुआचा विमानतळ वाढतच राहिला.

गंमत अशी की या धंद्याचा मूळ धडा नेमका उलटा होता. अमेरिकेत साउथवेस्ट कंपनी १९७१ मध्ये डॅलसच्या लव्ह फील्डवरून उडू लागली. हा विमानतळ शहराला खेटून आहे. १९७४ मध्ये दूरवर भला मोठा नवा विमानतळ झाला, बाकीच्या कंपन्या तिकडे गेल्या, साउथवेस्ट मात्र कोर्टकचेऱ्या करून जुन्या जागी ठाण मांडून बसली. प्रवाशाला शहराच्या जवळ उतरवणं हाच तिचा माल होता. युरोपने तिच्याकडून लहान विमानतळ घेतला, झटपट परतफेरी घेतली आणि जवळीक तेवढी सोडून दिली. जी सोडली तिची किंमत प्रवाशाच्या खिशात आणि घड्याळात जाऊन बसली. १५ युरोचं विमान आणि त्याहून महाग बस, असं सर्रास होतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. युरोपात शिकायला गेलेली आपली मुलं हे गणित पहिल्या सेमिस्टरमध्येच शिकतात.

इथवरचं रडगाणं जुनं आहे. मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. अशा प्रत्येक विमानतळाबाहेर दोन प्रकारच्या बस उभ्या असतात, आणि त्या दोन वेगळ्या जगांच्या असतात.

बर्गामोचं उदाहरण घ्या. मिलानपासून पन्नासेक किलोमीटरवरच्या या विमानतळाला कुणी आता किरकोळ म्हणणार नाही. वर्षाला सुमारे १ कोटी ७० लाख माणसं इथे ये-जा करतात. सामान घेऊन बाहेर पडलं की आधी भेटतात त्या मिलानच्या आरामबसच्या तिकीटखिडक्या. त्यांचे रंग भडक, पाट्या चार भाषांत, आणि पुढची गाडी आत्ता सुटतेय असं सांगणारी माणसं. आपल्या शिवनेरीच्या थांब्याबाहेर ‘चला दादर, दादर’ करत फिरणाऱ्या खासगी गाडीवाल्यांशी यांची गाठ पडली, तर दोघांना एकमेकांची भाषा शिकावी लागणार नाही. तासाभरात मिलानचं मध्यवर्ती स्टेशन. सरळ मार्ग, तक्रारीला जागा नाही.

तिथेच बाजूला बर्गामोच्या शहर बससेवेच्या एक नंबरच्या बसचा साधा थांबा आहे. हिच्यासाठी कुणी हाका मारत नाही. ती बर्गामो स्टेशनवर जाते आणि पुढे टेकडीवरच्या जुन्या गावात चढते. त्या गावाभोवती व्हेनिसच्या राजवटीत बांधलेला तट आहे, २०१७ मध्ये युनेस्कोने तो वारसा यादीत घेतला. स्टेशनवर उतरून मिलानची गाडी पकडली तर पैसे कमी लागतात, वेळ थोडा जास्त. पण बसमध्ये कोण बसलंय ते बघावं. गळ्यात विमानतळाचं ओळखपत्र लटकवलेली, पाळी संपवून निघालेली माणसं, कॉफीच्या काउंटरवरच्या मुली, सफाईवाल्या बाया, बॅगा चढवून उतरवून खांदे धरलेले लोक. विमानतळ त्यांचं कामाचं ठिकाण आहे, कारखान्यासारखं. मिलानशी त्यांचं काही देणंघेणं नाही. ही बस त्यांच्यासाठी आहे आणि प्रवासी तिच्यात पाहुणा आहे.

स्वस्त विमानतळाची वाहतूक चांगली की वाईट हे मी या दुसऱ्या बसवरून ठरवतो. शहराकडे धावणारी आरामबस कुणीही खासगी माणूस सुरू करील, कारण तिच्यात नफा आहे. विमान आलं की ती भरते, विमानं थांबली की बंद होते. फ्रँकफुर्ट-हानला रेल्वे आणायची योजना कित्येक वर्षं कागदावर राहिली, २०२१ मध्ये विमानतळ चालवणाऱ्या कंपनीचंच दिवाळं वाजलं. त्याआधी, २०१७ मध्ये, रायनएअर फ्रँकफुर्टच्या खऱ्या विमानतळावरही उतरू लागली होती. कंपनीला पंख आहेत, हुन्सरुकमधल्या माणसाला नाहीत. कंपनी पाठ फिरवते तेव्हा त्याच्याकडे उरते ती गावाची बस, असली तर.

थोडं डोकं वापरलं तर फार पैसा लागत नाही, हेही युरोपातच दिसतं. टोर्पला रेल्वेमार्गावर एक छोटं स्टेशन आहे. तिथून विमानतळापर्यंतची बस रेल्वेच्या प्रवाशांना फुकट आहे आणि गाडीच्या वेळेला धरून धावते. बेल्जियमच्या रेल्वेने शार्लरुआसाठी रेल्वे आणि बसचं एकत्र तिकीट काढलं. उलट लंडनजवळच्या लुटनला १९९९ मध्ये विमानतळाच्या नावाचं स्टेशन झालं, पण शेवटचे दोन किलोमीटर पुढची २३ वर्षं बसने काढावे लागले. २०२३ मध्ये तिथे चालकाविना धावणारी गाडी आली, खर्च साडेबावीस कोटी पौंडांच्या वर. ती चार मिनिटांत पोचवते आणि त्या चार मिनिटांचं वेगळं तिकीट सुमारे पाच पौंडांचं. यंत्र देखणं आहे, शंका नाही. पण मला टोर्पची बस जास्त शहाणी वाटते.

खरी परीक्षा पहाटे होते. स्वस्त कंपनीचं विमान दिवसभरात फेऱ्या भरायच्या म्हणून सकाळी सहाला उडतं. म्हणजे प्रवासी चारला हवा, आणि त्याच्या पिशव्या तपासणारा माणूस त्याच्याही आधी. त्या वेळी बहुतेक शहरांच्या आगगाड्या झोपलेल्या असतात. लंडनहून स्टॅनस्टेडला रात्रभर बस आहेत, हे त्या विमानतळाचं मोठं सुदैव, नॉर्मन फॉस्टरच्या १९९१ मधल्या त्या गाजलेल्या इमारतीइतकंच. बाकी ठिकाणी तरुण पोरं फरशीवर बॅग उशाला घेऊन रात्र काढतात. ज्यांचं वय त्यापलीकडे गेलंय ते टॅक्सी करतात. आणि कामगार कर्ज काढून जुनी मोटार घेतो. विमानाचं तिकीट स्वस्त राहण्यात त्याच्या हप्त्याचाही वाटा आहे.

आपल्याकडे स्वस्त विमानांसाठी वेगळा विमानतळ ही पद्धत रुजली नाही. इंडिगो आणि एअर इंडिया एकाच धावपट्टीवर उतरतात. पण शहराबाहेरचा विमानतळ आता आपल्याही अंगणात आला आहे. गोव्यात, पेडण्यातल्या मोपाला जानेवारी २०२३ मध्ये विमानं सुरू झाली. तिथून पणजी पस्तीसेक किलोमीटर, मडगाव त्याच्या जवळपास दुप्पट. कदंब महामंडळाच्या इलेक्ट्रिक बस तिथून धावतात, हे चांगलंच झालं. सिंधुदुर्गातल्या बांदा-सावंतवाडीच्या माणसालाही मोपा जवळचा. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाला. त्याच्यासाठी दहा गावं उठली. त्या गावांतली किती मुलं आज तिथे लोडर, रखवालदार, सफाई कामगार म्हणून जातात आणि कशाने जातात, हा प्रश्न मेट्रोच्या नकाशावर दिसत नाही.

म्हणून वेळापत्रक करणाऱ्यांना एकच विनंती. मोपा असो की नवी मुंबई, बसची पहिली फेरी पहिल्या विमानाच्या प्रवाशावरून ठरवू नका. त्या विमानाच्या आधी पाळीवर हजर होणाऱ्या कामगारावरून ठरवा. ती बस पहाटे तीनला सुटायला हवी, उलवे, पनवेल, पेडणे, म्हापसा अशा जवळच्या गावांतून फिरत यायला हवी, आणि तिचं भाडं साध्या बसचंच असायला हवं.