नित्यकर्माचे वर्षासन

मीमांसेच्या परंपरेत कर्माचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे भेद केले आहेत. काम्य कर्म फळासाठी करायचे आणि नैमित्तिक प्रसंग आला की. नित्यकर्माबाबत मात्र एक मत विलक्षण आहे: ते केल्याने पदरात नवे काही पडत नाही, पण चुकले तर प्रत्यवाय, म्हणजे दोष, लागतो. ज्या कामाचे फळ दिसतच नाही त्याचे मोल समाजाने कसे करावे, हा प्रश्न आज मुक्त सॉफ्टवेअरच्या रूपाने पुन्हा उभा आहे. परभणीच्या मोंढ्यातला शेतकरी अँड्रॉइड फोनवर कापसाचा भाव मराठीत वाचतो तेव्हा जोडाक्षरे नीट जुळवण्याचे काम हार्फबझ नावाची मुक्त प्रणाली करते. ती सर्वांना फुकट आहे. ती सांभाळणाऱ्यांनी जगायचे कशावर? एकेका दुरुस्तीला बक्षीस लावावे असे काही म्हणतात, तर काही नियमित वर्षासन द्यावे असे. माझा कौल वर्षासनाला आहे. बक्षिसाला नित्यकर्म दिसतच नाही.

पुरावा घ्या. २०१४च्या एप्रिलमध्ये ओपनएसएसएल या मुक्त सॉफ्टवेअरमधला हार्टब्लीड हा दोष उघड झाला. इंटरनेटवरचे कितीतरी व्यवहार ज्या ओपनएसएसएलच्या भरवशावर चालत होते, त्याला वर्षाकाठी देणग्या मिळत सुमारे २,००० डॉलर, आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच होता. तो दोष दोन वर्षे कोणाच्या नजरेस पडला नव्हता. पुढे २०२४मध्ये एक्सझेड या मुक्त सॉफ्टवेअरचे प्रकरण घडले. एकट्याने प्रकल्प सांभाळून थकलेल्या माणसाला मदतनीस म्हणून कोणी आला, दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास कमावला आणि मग आत चोरवाट पेरली. भोक शोधणाऱ्याला बक्षीस देता येते. पण रोज आलेला प्रत्येक बदल वाचून वाईट ते दारातच अडवणाऱ्याला कोणत्या घटनेचे बक्षीस द्याल? त्याच्या हातून घडते ते काहीच न घडणे.

हे परभणीला नवे नाही. इथल्या कृषी विद्यापीठाने जंगली भेंडीशी संकर करून, पुन्हापुन्हा मूळ वाणाशी जुळवत ‘परभणी क्रांती’ हा हळद्या रोगाला दाद न देणारा वाण ऐंशीच्या दशकात दिला. सरळ वाण असल्याने शेतकरी त्याचे बी घरी धरू शकतो. पण वाण निघाला म्हणून काम संपत नाही. पैदासकार बियाण्याच्या प्लॉटात हंगामामागून हंगाम भेसळीची झाडे उपटावी लागतात, आणि विषाणूही स्वस्थ बसत नाही. पुढे या वाणावरही हळद्या दिसू लागला. अशा राखणीसाठी पगारी माणूसच लागतो. वाण शोधल्याचे बक्षीस तिथे पुरत नाही.

यावर पहिला आक्षेप निष्कामतेचा: सेवेला पैसा लावला की सेवा उरत नाही. मला हा तर्क निर्दय वाटतो. फळाची आसक्ती सोडणे वेगळे आणि करणाऱ्याची चूल विझू देणे वेगळे. गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी दळणकांडण करी, म्हणजे शुद्ध नित्यकर्म. विठ्ठलाने तिला पीठ किती निघाले ते मोजून काही दिले अशी कथा लोकांनी सांगितली नाही. तो तिच्याजवळ जात्याला बसला, अशी सांगितली. भार वाटून घेणे हाच तिथला आदर आहे. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. नेमून दिलेले उत्पन्न आपल्याकडे वतन झाले आणि वतनाची बेडी झाली; डॉ. आंबेडकरांनी १९२८मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणले ते याचसाठी. ही भीती मी मान्य करतो, आणि म्हणूनच वर्षासन जन्माशी वा वारसाशी बांधलेले नसावे, देणाऱ्याला थांबता यावे आणि घेणाऱ्याला मान ताठ ठेवून सोडता यावे. आळसाची शंका राहते. पण सगळे काम उघड्यावर, कोणालाही वाचता येईल असे चालते, तिथे आळस फार दिवस लपत नाही.

बक्षिसे बंद करा असे मी म्हणत नाही. नैमित्तिकाला ती योग्यच आहेत. पण ज्या बँका, महाविद्यालये आणि पुण्या-मुंबईच्या कंपन्या या फुकटच्या पायावर उभ्या आहेत, त्यांनी वार्षिक अंदाजपत्रकात वीजबिलाच्या खाली वर्षासनाची एक ओळ घालावी आणि दरवर्षी न चुकता भरावी.