विकत घेतलं, पण आपलं झालं का?

पोखर्णीसारख्या गावांत पूर्वी औत मोडलं की सुतार-लोहार ते दुरुस्त करत. सुगीला त्यांना बलुतं मिळे. काम जातीने लादलेलं होतं, पण दुरुस्ती गावातच व्हायची. आज काही फोनमध्ये अस्सल स्क्रीन बसवली तरी कंपनीचं सॉफ्टवेअर मंजुरीशिवाय ती पूर्णपणे स्वीकारत नाही. हे कुलूप माझ्यासारखेच इंजिनिअर लिहितात. कंपन्या सुरक्षेचं कारण देतात. ते खोटं नाही. पण धोका समजावून सांगता येतो. पूर्ण पैसे मोजूनही वस्तू दुरुस्त करायला परवानगी लागत असेल, तर ती आपली कशी? केंद्र सरकारने जुलै २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. तिच्या विषयांत शेतीची अवजारं आणि मोबाईलही आहेत. दुरुस्तीचं ज्ञान आधी जातीत कोंडलं होतं, आता कंपनीत. दोन्ही कुलपं नकोत.